फुलबॅकची जागा उरलेल्या पोराला देऊ नका : निवड समित्या आणि प्रशिक्षकांना खुले पत्र

प्रति,
१४ आणि १७ वर्षांखालील फुटबॉल संघांच्या निवड समित्या आणि प्रशिक्षक, महाराष्ट्र

विषय : फुलबॅकची निवड आणि सराव, फिलिप लामच्या कारकिर्दीच्या आधारे

स.न.वि.वि.

ट्रायल संपत आली की यादीत आधी स्ट्रायकर पडतो, मग मधली फळी, मग दोन उंचेपुरे सेंटर बॅक आणि गोलकीपर. शेवटी दोन जागा उरतात आणि दोन पोरं उरतात. एक राइट बॅक होतो, दुसरा लेफ्ट बॅक, म्हणजे बचावफळीच्या दोन कडांवरचे फुलबॅक. ‘बॉल आला की बाहेर मार’ एवढ्या एका सूचनेवर त्यांचा अख्खा हंगाम निघतो. ही पद्धत बंद करा, एवढेच आमचे म्हणणे आहे. ते पटवून देण्यासाठी आम्ही एकाच खेळाडूची, जर्मनीचा कर्णधार राहिलेला फुलबॅक फिलिप लाम याची, कारकीर्द तुमच्यापुढे ठेवतो.

लामच का, याला कारण आहे. महाराष्ट्र शासन आणि जर्मन क्लब बायर्न म्युनिक यांच्या सहकार्यातून आपल्याकडे १४ वर्षांखालील मुलांची स्पर्धा सुरू झाली, आणि त्या क्लबचे नाव आता तालुक्याच्या मैदानापर्यंत पोचले आहे. बायर्नचा सर्वांत मोठा बचावपटू कोण, असे विचारल्यावर कुणी बेकेनबाउअर म्हणाले तर आम्ही वाद घालणार नाही. पण प्रश्न फुलबॅकचा असेल, तर त्या क्लबने स्वतःच्या युवा संघांतून घडवलेला लाम हाच धडा आहे. आपल्या ट्रायलच्या पद्धतीने निवड झाली असती, तर तो बहुधा पहिल्याच दिवशी घरी गेला असता.

उंची १७० सेंटिमीटर. जन्म ११ नोव्हेंबर १९८३, म्युनिक. वयोगट १ जानेवारीला मोजायच्या आजच्या हिशेबात नोव्हेंबरचा मुलगा आपल्या गटात जवळजवळ सर्वांत लहान ठरतो. १३-१४ व्या वर्षी दहा-अकरा महिन्यांचा फरक म्हणजे खांद्यात, मांडीत आणि धावण्याच्या वेगात उघड दिसणारा फरक. सांगायचे एवढेच, की ट्रायलच्या कागदावर पोराच्या नावापुढे जन्मतारीख लिहिलेली नसेल, तर तुम्ही गुण नव्हे, महिने मोजत असता.

लाम म्युनिकच्या गेर्न भागातल्या एफटी गेर्न या छोट्या क्लबात खेळायचा. अकरा वर्षांचा असताना बायर्नने त्याला घेतले. तिथल्या युवा संघांत त्याला राइट बॅकबरोबरच मधल्या फळीतही खेळवले गेले, आणि पुढचे सगळे इथूनच निघते. मधोमध खेळलेल्या पोराला चारही दिशांनी माणसे येण्याची सवय असते. आयुष्यभर साइडलाइनला पाठ लावून खेळलेल्या पोराला फक्त अर्धे मैदान दिसते. आपल्याकडे मुलगा अकराव्या वर्षी ‘बॅक’ झाला की सतराव्या वर्षापर्यंत बॅकच राहतो. किमान १४ वर्षांपर्यंत प्रत्येक फुलबॅकला हंगामातले एक-तृतीयांश सामने मध्यभागी खेळवा.

१३ नोव्हेंबर २००२ रोजी चॅम्पियन्स लीगमध्ये लाँसविरुद्ध ३-३ अशा सामन्यात तो अगदी शेवटच्या क्षणांत मैदानात उतरला, आणि त्या हंगामात वरिष्ठ संघात पुन्हा दिसला नाही. उजवीकडे विली सान्योल, डावीकडे बिक्सेन्ते लिझाराझू, दोघेही फ्रान्सचे आंतरराष्ट्रीय खेळाडू. जागाच नव्हती. बायर्नच्या दुसऱ्या संघाचे प्रशिक्षक हेर्मान गेरलांट यांनी शिफारस केली आणि २००३ मध्ये फेलिक्स मागाट यांच्या स्टुटगार्टने त्याला दोन वर्षांसाठी उसना घेतला. तिथेही उजवीकडे आंद्रेआस हिंकेल बसलेला. मागाट यांनी उजव्या पायाच्या या पोराला डावीकडे टाकले आणि तो आधीचा लेफ्ट बॅक हायको गेर्बर याची जागा घेऊन बसला. १८ फेब्रुवारी २००४ रोजी क्रोएशियाविरुद्ध तो जर्मनीकडून पहिला सामना खेळला. स्टुटगार्टसाठी त्याचे बुंडेसलिगातले, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमधले, ५३ सामने झाले. म्हणजे बाकावर बसून एक मिनिटही न खेळण्यापेक्षा, दुसऱ्या क्लबात, नको त्या बाजूला का होईना, तो दर आठवड्याला खेळला. राखीव पोराला दुसऱ्या शाळेकडून किंवा मंडळाकडून खेळू देताना ज्यांचा जीव वर-खाली होतो, त्यांनी हा हिशेब जरूर पाहावा.

उजव्या पायाचा लेफ्ट बॅक ही सोय नव्हे, वेगळे काम आहे. डाव्या साइडलाइनजवळ त्याच्याकडे पास येतो तेव्हा डाव्या पायाचा खेळाडू बॉल रेषेच्या बाजूला घेतो आणि सरळ पुढे जातो. उजव्या पायाचा खेळाडू पहिलाच टच आत, मैदानाच्या मध्याकडे घेतो. फायदा असा, की आतली तिरकी वाट उघडते, पासही देता येतो आणि शॉटही मारता येतो. तोटा असा, की क्रॉस मारायला बॉल उजव्या पायावर आणावा लागतो, त्यात एक-दीड सेकंद जातो आणि तेवढ्यात बॉक्समधले बचावपटू आपापल्या माणसाला धरून उभे राहतात. शिवाय समोरचा विंगर (कडेने हल्ला करणारा खेळाडू) शहाणा असेल तर तो आतली बाजू बंद करून तुम्हाला रेषेकडे, तुमच्या कच्च्या पायाकडे ढकलतो. म्हणून डावा पाय फक्त ‘चालवण्याइतका’ तरी लागतो : १५ मीटरचा जमिनीवरचा पास आणि रेषेवरून मागे दिलेला बॉल, हे दोन फटके डाव्या पायाने बिनचूक आले पाहिजेत. लांब क्रॉस नाही आला तरी चालेल.

९ जून २००६. म्युनिक, विश्वचषकाचा पहिला सामना, कोस्टा रिकाविरुद्ध सहावे मिनिट. डावीकडे बॉल, आत टच, एक माणूस मागे पडला, उजव्या पायाचा वळणदार फटका लांबच्या वरच्या कोपऱ्यात, खांबाला लागून आत. कोपराच्या दुखापतीमुळे त्याच्या डाव्या हाताला पट्टा होता. हा गोल सगळ्यांना पाठ आहे. त्याच स्पर्धेत जर्मनीच्या सातही सामन्यांतली ६९० मिनिटे पूर्ण खेळलेला तो संघातला एकटाच, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. फुलबॅकची किंमत करताना आम्ही दुसरा आकडा आधी पाहू.

आता चुका. पोरांना गोल दाखवण्याआधी या दाखवा.

युरो २००८ ची उपांत्य फेरी, २५ जून, बासेल, तुर्कस्तान. ८६ व्या मिनिटाला तुर्कस्तानच्या साब्रीने लामला रेषेजवळ चुकवले, जवळून क्रॉस दिला आणि सेमिहने २-२ केले. चार मिनिटांनी लामनेच हिट्झल्सपर्गरशी वन-टू (पास देऊन लगेच परत घेणे) खेळून ३-२ केले आणि वर्तमानपत्रांत तोच नायक झाला. सराव मात्र पहिल्या प्रसंगाचा करायचा असतो. रेषेजवळ माणूस का निसटतो? बहुतेक वेळा दोन कारणे असतात. बचावपटू खूप जवळ जातो, किंवा त्याचे दोन्ही पाय एका रेषेत, छाती सरळ समोर असते. छाती समोर असली की वळायला एक पाऊल जास्त लागते आणि त्या एका पावलात विंगर निघून जातो.

दुसरी चूक चार दिवसांनी, व्हिएन्नात, स्पेनविरुद्धच्या अंतिम सामन्यात. ३३ वे मिनिट, झावीचा बॉल फुलबॅक आणि गोलकीपर यांच्यामधल्या पट्ट्यात. लाम बॉलच्या जवळ होता, गोलकीपर लेमान पुढे येत होता, लाम क्षणभर त्याच्यासाठी थांबला आणि टोरेस बाहेरून वळसा घालून आधी पोचला. सामना १-० असा गेला. असा गोल आपल्या मैदानांवर दर रविवारी होतो आणि प्रशिक्षक ओरडतात, ‘बोला रे!’ कोण बोलणार, हे मात्र आधी ठरलेले नसते. नियम एकच ठेवा : असा बॉल आला की हाक गोलकीपरची. तो ‘माझा’ म्हणाला तर बॅकने बॉल सोडायचा आणि माणसाला अंगाने अडवायचे. हाक आली नाही तर बॉल आपला, आणि तो पहिल्याच टचला रेषेबाहेर. ‘हाक नाही म्हणजे माझा’ हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी दहा-बारा बॉल टाकून घोटून घ्या.

आता एकास एक, म्हणजे फुलबॅकचा रोजचा धंदा. ८ जुलै २०१४, बेलो होरिझोंटे, ब्राझीलविरुद्ध उपांत्य सामना. ७-१ हा निकाल सगळ्यांना आठवतो, पण १-० असतानाचा एक क्षण पाहा. मार्सेलो बॉल घेऊन बॉक्समध्ये घुसला आहे, लाम बाजूने धावतो आहे. टॅकल आधी करता आला असता, पण तो थांबतो. मार्सेलोचा बॉल पायापासून किंचित लांब गेल्यावरच घसरतो आणि आधी बॉल काढतो. मार्सेलोने पेनल्टी मागितली, पंचांनी दिली नाही. पाऊण सेकंद आधी पाय टाकला असता तर बॉल मार्सेलोच्या ताब्यात असता आणि पाय मार्सेलोच्या पायावर पडला असता. लाम आख्ख्या व्यावसायिक कारकिर्दीत एकदाही लाल कार्ड न घेता निवृत्त झाला, त्याचे कारण त्या थांबण्यात आहे.

हे शिकवता येते. पायऱ्या अशा. समोरच्याकडे बॉल जात असताना, म्हणजे पास हवेत किंवा जमिनीवर असतानाच अंतर कापायचे, बॉल त्याच्या पायात पोचल्यावर नाही. सरळ रेषेत न जाता किंचित वळणाने जायचे, म्हणजे आतली वाट आपोआप बंद होते. शेवटची तीन-चार पावले आखूड. दीड मीटरवर थांबायचे, हात लांबवला तर बोट टेकणार नाही इतके अंतर. गुडघे वाकलेले, टाचा जमिनीवर नाहीत, एक पाय पुढे, शरीर तिरपे. नजर बॉलवर, कमरेवर किंवा डोळ्यांवर नाही. पाय टाकायचा तो फक्त त्याचा टच लांब गेल्यावर. टच लांब जात नसेल तर टाकूच नये. मागे सरकत राहावे.

सरावासाठी २० मीटर लांब, १० मीटर रुंद पट्टा आखा. एका टोकाला विंगर, आठ मीटरवर बचावपटू. बचावपटूने विंगरला चार सेकंद रोखले तर १ गुण, उभ्यानेच बॉल काढला तर २, घसरून काढला तर शून्य. चार सेकंदच का? तेवढ्यात तुमचा मधल्या फळीतला माणूस मदतीला पोचतो. शून्य का, हा प्रश्न पोरं हमखास विचारतात. घसरलेला बचावपटू उठेपर्यंत खेळाबाहेर असतो, म्हणून. तसेही आपल्या मुरमाच्या मैदानावर घसरले की मांडी सोलवटून निघते. निदान या बाबतीत आपली मैदाने प्रशिक्षकाच्या बाजूने आहेत. प्रत्येक पोराच्या सहा फेऱ्या पुरेत, मध्ये पूर्ण विश्रांती. दमलेला बचावपटू आधी पाय टाकतो, आणि सवय तीच लागते.

पुढे जाण्याबद्दल थोडक्यात. २००९ मध्ये आर्येन रॉबेन बायर्नला आला. डाव्या पायाचा, उजव्या कडेने आत कापणारा. त्याच्या मागून, बाहेरून लाम धावायचा. वेळ महत्त्वाची. रॉबेनने पहिला टच आत घेतला की लाम सुटायचा, त्याआधी नाही. आधी सुटला तर तो आपल्या मागे धावणाऱ्या समोरच्या संघाच्या विंगरला रॉबेनच्याच वाटेत आणून उभे करतो. उशिरा सुटला तर पास मागे पडतो. आपल्या संघांत फुलबॅक बॉल मिळताच डोळे मिटून धावतो, कारण धावणे दिसते आणि टाळ्या मिळतात. दहापैकी सहा-सात वेळा त्या धावेवर पास येतच नाही, ती धाव समोरच्या बचावपटूला ओढून नेण्यासाठी असते, हे पोराला आधीच सांगा, नाहीतर तो तिसऱ्या वेळेनंतर धावायचा थांबतो.

२०१३ मध्ये बायर्नने लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही जिंकले, लाम कर्णधार. त्यानंतर प्रशिक्षक म्हणून पेप ग्वार्डिओला आले आणि तिशीच्या उंबरठ्यावरच्या, जगातल्या सर्वोत्तम फुलबॅकला त्यांनी मधल्या फळीत नेले. फुलबॅक म्हणून खेळतानाही बॉल आपल्याकडे असला की लाम किंवा डावीकडचा अलाबा रेषा सोडून आत, मधल्या खेळाडूच्या शेजारी येऊन उभा राहायचा. याचे कारण साधे आहे. बॉल हरवला तर प्रतिहल्ला मधूनच येतो, आणि तिथे आधीच एक जास्तीचा माणूस उभा असतो. समोरच्या विंगरची पंचाईत होते : फुलबॅकच्या मागे आत जावे तर कड मोकळी, कडेला राहावे तर मध्य मोकळा. आणि रिबेरी किंवा रॉबेनला बाहेर एकास एक मिळते. पण हे करायला पोराने पास यायच्या आधी दोन वेळा मान वळवून मागे पाहिलेले असले पाहिजे. आत उभा असलेला फुलबॅक पाठीकडून येणारा माणूस न पाहता वळला, की थेट गोल खातो. ज्याची मान फिरत नाही त्याला आत आणू नका, कितीही चापल्य असो.

२०१४ च्या विश्वचषकात जर्मनीचे प्रशिक्षक योआखिम ल्योव यांनीही लामला सुरुवातीला मध्ये ठेवले आणि मागे चारही जागांवर मूळचे सेंटर बॅक उभे केले. घानाविरुद्ध २-२ झाले. अल्जेरियाविरुद्ध मागची रेषा उंच आणि वळायला संथ, म्हणून गोलकीपर नॉयरला वारंवार बॉक्सबाहेर धावावे लागले. त्याच सामन्यात उजवीकडचा मुस्ताफी जखमी झाला, लाम राइट बॅकला गेला, आणि फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व फेरीपासून तिथेच राहिला. १३ जुलैला माराकानावर कप त्याच्या हातात होता. डावीकडे मात्र उजव्या पायाचा सेंटर बॅक ह्योवेडेस शेवटपर्यंत खेळला, आणि जर्मनी जिंकली. तेव्हा खरा फुलबॅक नसेल तर काहीच होत नाही, असे आम्ही म्हणत नाही. एका बाजूला तो असल्यावर दुसरी बाजू सांभाळून घेता येते. दोन्हीकडे नसेल तर सगळा भार गोलकीपरवर येतो.

कप जिंकल्यावर पाचच दिवसांत, तिशीतच, ११३ सामन्यांवर तो राष्ट्रीय संघातून बाहेर पडला. बायर्नसाठी ५१७ सामने, आठ लीग, सहा कप, आणि २०१७ मध्ये पूर्णविराम. बायर्नसाठी गोल अवघे १६. ज्यांना आकड्यांवरून बॅक निवडायचा आहे त्यांनी या शेवटच्या आकड्याकडे जरा वेळ पाहावे.

दुखापतींचा भाग आम्हाला टाळता येत नाही. २००५ च्या जानेवारीत त्याच्या पायाचे हाड ताणाने मोडले, मे महिन्यात गुडघ्याचा क्रुशिएट लिगामेंट (सांधा स्थिर ठेवणारा बंध) तुटला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. नोव्हेंबरमध्ये बायर्नकडून परतला. ताणाचे फ्रॅक्चर एका धक्क्याने होत नाही. कठीण जमिनीवर, विश्रांतीविना, त्याच हाडावर हजारो वेळा भार पडून होते. सुरुवातीला खेळताना दुखते, बसल्यावर थांबते, आणि पोरगं सांगत नाही. पायाच्या एकाच ठिकाणी बोटाने दाबल्यावर दुखत असेल आणि आठवड्याने तसेच असेल, तर स्प्रे मारून खेळवू नका, हाडाच्या डॉक्टरांकडे न्या. आणि शाळा, मंडळ, जिल्हा असे तीन संघ एकाच आठवड्यात एकाच पोराला खेळवत असतील, तर तिन्ही प्रशिक्षकांनी फोनवर बोलून मिनिटे वाटून घ्यावीत.

बुटक्या फुलबॅकवर तुमचा नेहमीचा आक्षेप लांबच्या खांबावरच्या हेडरचा असतो. आक्षेप खरा आहे. १७० सेंटिमीटरचा माणूस १८८ च्या माणसाकडून हेडर जिंकणार नाही. त्याने जिंकायचाही नसतो. बॉल हवेत असताना माणूस आणि गोल यांच्यामध्ये उभे राहायचे, उडीच्या आधी, हात न वापरता, खांद्याने अंग लावायचे, आणि समोरच्याबरोबर उडी मारायची. तोल बिघडलेला हेडर बहुधा वरून जातो. कॉर्नरला त्याला माणूस देऊ नका, जवळच्या खांबावर उभे करा. मुख्य म्हणजे क्रॉस सुटूच नये याची सोय पलीकडच्या बॅकने केली, तर हा प्रश्नच निम्म्याने कमी होतो.

पुढच्या ट्रायलसाठी आमची मागणी एवढीच आहे. फुलबॅकसाठी वेगळा अर्धा तास ठेवा. ३० मीटरची धाव आणि बॉल उडवण्याची मोजणी हवी तर घ्या, पण वर सांगितलेल्या पट्ट्यात सहा फेऱ्या घ्या आणि त्यानंतर प्रत्येक पोराला दहा मिनिटे नावडत्या बाजूला खेळवा. कागदावर पाच रकाने : जन्मतारीख, शरीर तिरपे की सरळ, पास येण्याआधी मान किती वेळा वळली, चकवा बसल्यावर परत धावला की उभा राहिला, आणि कच्च्या पायाने दिलेले दहापैकी किती पास पोचले. उंचीचा रकाना हवाच असेल तर सहावा ठेवा. तो इतर पाच भरून झाल्यावर भरा. यादी तयार करताना गोलकीपरनंतर लगेच दोन्ही फुलबॅक लिहा, मग बाकीचे.

आपले,
काही फुटबॉल प्रशिक्षक आणि सामना-विश्लेषक